बाबांना माझ्या सायकलची फ्रेम वाकडी वाटते

सायकलवाल्या मंडळींनो, आजचा प्रकार वाचा. शेवटी तुमचा सल्ला हवा आहे.

माझ्या नव्या माउंटन बाइकला मागेही सस्पेन्शन आहे. फ्रेम मधूनच वाकलेली, सीटखाली हवा भरायचं जाड शॉकअप. मला ती बघताक्षणी आवडली. बाबांनी मात्र रांझीच्या फॅक्टरीतली सगळी नोकरी काळ्या, सरळ दांड्याच्या सायकलवर केली. "ही काहून ॲक्सिडेंट झाल्यासारखी दिसते?" असं ते आल्यागेल्याला विचारतात.

आज सकाळी मी बसले, तर सायकल पार ताठ. प्रत्येक खड्डा थेट कमरेत.

"तू बसली की मागून दबत होती," बाबा म्हणाले. "हवा कमी असन म्हणून शॉकअपमध्ये भरून दिली."

मी चिडलेच. "बाबा, ते दबायलाच पाहिजे. ते दबलं तरच धक्का आपल्याला बसत नाही." हवा कमी केली आणि म्हटलं, आता तुम्हीच बसून पाहा.

कंबरदुखीमुळे त्यांनी सायकल कधीच सोडली होती. आज कॉलनीच्या फुटक्या रस्त्यावरून हळूहळू गेले. मी उगाच मागे पळत होते. परत आल्यावर बाबांनी सीट दाबून पाहिली.

"दिसायला वाकडीच आहे. पण कंबर नाही दुखली. कॅरिअर कुठं लावायचं हिला?"

तर सांगा, मागून खालीवर होणाऱ्या फ्रेमला कॅरिअर कसं बसवतात? जरा लवकर सांगा. आत बाबा मित्राला फोनवर सांगताहेत, "उद्या मी सायकलनं येऊन राहिलो."