पंक्चरची पावती

माझ्या बायकोने माझ्याशी भांडणं बंद केलं, तेव्हा मला वाटलं, चला, संसार सुधारला.

पंधरा दिवस घरात इतकी शांतता होती, की मी ऑफिसात सांगत सुटलो, "आमच्या घरी आता लय समाधान आहे!" (मी यवतमाळात एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क. टेबलावर एकही तक्रार आली नाही की जनता सुखी आहे, असं आम्ही धरून चालतो.) सोळाव्या दिवशी सुजाताने दिवाणाखालची मोठी बॅग ओढून काढली.

"कुठी निघाली?"

"नागपूरले. प्राजक्ताकडे."

"किती दिवस?"

"बॅगेत पाहा न. किती दिवसाचं सामान दिसते?"

पाहिलं. बॅगेत स्वेटर होतं, आणि दिवस एप्रिलचे होते! यवतमाळच्या एप्रिलात स्वेटर भरणारी बाई चार दिवसांत परत येत नसते, एवढं माझ्याही ध्यानात आलं. तोंडातून मात्र बाहेर पडलं, "मंग सिलिंडरचा नंबर कोन लावन?"

तिने बॅगेची चेन लावली.

संध्याकाळी प्राजक्ताचा, आमच्या मुलीचा, फोन आला. "बाबा, आई माह्याकडे कायमची याले निघाली. मी तिले एकच अट घातली. आधी तुमी दोघं तीन वेळा समुपदेशक म्याडमकडे जा. तवर ती घरीच राहीन. मंग तिले जे ठरवायचं ते ठरवू दे."

"काहून? आपल्या घरात कोनाले वेड लागलं?"

"अजून नाही लागलं. पन तुमी असेच राह्यले तर मले लागन!"

म्याडम निघाल्या माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सवयीप्रमाणे फाइल घेऊन गेलो होतो. छत्तीस वर्षांच्या संसारात मी काय काय केलं त्याचे पुरावे त्यात लावले होते, तारीखवार. म्याडमनी फाइल हळूच बाजूला सरकवली. म्हणाल्या, "इथे कोणी आरोपी नाही. भावनाकेंद्री उपचारात आपण भांडणाच्या खाली काय दडलंय ते बघतो. राग वर दिसतो. खाली बहुतेक वेळा भीती असते, नाहीतर एकटेपण."

मी लगेच वहीत लिहून घेतलं : 'राग वर. भीती खाली.'

"ताई, तुम्हाला कशाबद्दल बोलायचंय?"

सुजाता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन वर्षाआधी माह्यं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं. मले आत नेलं तवा हे बाहेर होते. शुद्धीवर आली तवा नव्हते. चार घंटे नव्हते! नर्स बिचारी विचारून राह्यली, सोबत कोन आहे, कोन आहे. काय सांगू तिले?"

"गाडी पंक्चर झालती," मी म्हणालो. तीन वर्षं हेच म्हणत होतो.

म्याडम म्हणाल्या, "त्या विचारतात, तुम्ही मिटून घेता. तुम्ही मिटून घेता म्हणून त्या आणखी जोरात विचारतात. हा फेरा तुमच्या दोघांच्या मानगुटीवर बसलाय." ते खरं होतं. हिने तो विषय काढला, की मी उठून झाडांना पाणी घालायचो. आमच्या अंगणातलं लिंबू जास्त पाण्याने मेलं, ते त्याच विषयापायी!

दुसऱ्या वेळी म्याडमनी मला विचारलं, "त्या दिवसाचं नाव निघालं की शरीरात कुठे काय जाणवतं?"

"गुडघ्यात."

"काय जाणवतं?"

"उठून जावं वाटते."

म्याडम हसल्या नाहीत. सुजाताही नाही. रिक्षात ती अगदी टोकाला, दांडी धरून बसली. घरी आल्यावर बॅग आतल्या खोलीतून दरवाजापाशी आली. आता एकच भेट उरली होती. मला जेवण जाईना. खरं सांगितलं, तर बायको जाईल. नाही सांगितलं, तरी जाईल! अशा पेचात शहाणा माणूस खरं सांगतो. मी लोहाऱ्याच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याकडे गेलो.

"भाऊ, एक पावती पायजे. तीन वर्षाआधीची."

"साहेब, तीन वर्षाआधी माह्यं दुकानच नव्हतं!"

"तरी द्या."

तिसऱ्या भेटीत मी ती पावती म्याडमच्या टेबलावर ठेवली. वर तारीख, खाली सही, मधोमध 'मागचं चाक'. म्याडमनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुजाताने मात्र उचलली. वाचली. उलटी करून मागची बाजूही वाचली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी आपन ऑटोनं गेलतो."

मी पावती परत घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"मी पोट धरून तुमच्या खांद्यावर डोकं टेकवून होती. गाडी घरी उभी होती. तुमी पयल्यांदा पंक्चर म्हनलं न, तवाच मले मालूम होतं. तीन वर्ष वाट पाहून राह्यली, का हा मानूस आज खरं सांगन, उद्या सांगन." तिचा आवाज फाटला. "आता तुमी पावती आनली!"

गुडघे म्हणत होते, ऊठ. म्याडम खुर्ची थोडी पुढे घेऊन म्हणाल्या, "साहेब, आज उठू नका. मला नका सांगू, त्यांच्याकडे बघून सांगा. त्या दिवशी काय झालं?"

मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो आणि कसाबसा बोललो.

"तुले आत नेलं. मंग त्यायनं माह्यापुढे कागद ठेवला. काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही म्हनून. माय गेली तवा असाच कागद होता. सही मीच केलती. माय बाहेर आली नाही. मी तुह्याही कागदावर सही केली आन् माह्ये पायच थांबेनात. एसटी स्टँडवर गेलो. समोर पुसदची बस लागली होती. चढलो."

"पुसदले गेलते?"

"नाही. मधातच आर्णीले उतरलो."

"आर्णीले!" सुजाता उभीच राहिली. "मी इकडे बेशुद्ध अन् तुमी आर्णीले? काय केलं तिथं?"

"रडलो. स्टँडच्या मांगं जाऊन. मले वाटलं, वापस गेलो का कोनी सांगन, तू बी गेली."

ती मटकन बसली. मग तिने पदराने डोळे पुसले.

"भेव वाटला, असं सांगता नाही आलं? मी काय तुमाले फाशी देली असती? मी बी भेलीच होती न."

"लाज वाटली."

"अजून काही लपवलं?"

आता खरं बोलायची चटकच लागली होती. "दोन आलुबोंडे खाल्ले."

"रडता रडता?"

"रडून झाल्यावर."

सुजाताच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो हुंदका होता की हसू, हे म्याडमनाही कळलं नाही. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात तिथेच राहू दिला. त्या रात्री नागपूरला फोन गेला, आणि बॅगेतलं स्वेटर कपाटात.

चार महिन्यांनी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तुमी चला." मी गेलो, आणि छाती ठोकून सांगतो, दवाखान्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही. टाकता आलंच नसतं! तिला टोचायची सुई बघितली आणि मी आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा सलाइन मला लागलं होतं, आणि एका डोळ्याला पट्टी बांधलेली माझी बायको माझे पाय चोळत बसली होती. तेवढ्यात आमचे शेजारी केळी घेऊन भेटायला आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि केळी माझ्या उशाशी ठेवत म्हणाले, "साहेब, लयच अवघड ऑपरेशन झालेलं दिसते तुमचं!"