अकरा बोल्ट निघाले, बारावा कुठं?

आज रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. मित्रांनो, मी एका जुन्या आलिशान गाडीखाली आडवा पडलो होतो.

गाडी पुंडलिकनगरच्या एका काकांची. आमच्या गॅरेजात तिचा गळका रेडिएटर काढायचा होता. त्याची पितळी जाळी कागदासारखी पातळ. ती फाटली तर दुसरी मिळणार नाही, हे काकांनी मला चार वेळा सांगितलं होतं.

म्हणून मी कालच पुठ्ठ्यावर रेडिएटरचं चित्र काढलं आणि प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडलं. बोल्ट निघाला की तो आपल्या भोकात खोचायचा.

माझे उस्ताद रशीदचाचा हसले. "बेटा, गाडी खोलतो का रांगोळी काढतो?"

पाणी काढलं, पाईप सोडवले, बोल्ट निघाले. रेडिएटर मात्र हलेना.

"गंजून चिकटलाय," म्हणत चाचांनी उचकटायला फटीत लोखंडी टॉमी घातली.

"चाचा, थांबा! एक भोक रिकामं आहे!"

बारावा बोल्ट खाली डाव्या कोपऱ्यात होता, वरून न दिसणारा. तो काढला आणि रेडिएटर अलगद हातात आला. जाळीला ओरखडासुद्धा नाही. सकाळपासून उभे असलेले काका तेव्हा कुठं बाकावर बसले.

चाचांनी पुठ्ठा हातात घेऊन बारकाईनं पाहिला. मग म्हणाले, "लई शहाणा झालास. उद्या इंजिन खोलायचंय. मोठा पुठ्ठा आण."

तर मंडळी, कुणाच्या घरी फ्रिजचा रिकामा खोका पडलाय का?