वेदीमागच्या चित्रातला माणूस

स्कोरवीक गावच्या चर्चमध्ये वेदीमागे चित्र नाही, भिंतभर काच आहे. जुनं चर्च विजेची तार पेटून जळालं, त्यात वेदीवरचं जुनं चित्रही गेलं. त्या चित्राबद्दल फारसं कुणी हळहळलं नाही, कारण त्यातल्या मेंढ्या कुत्र्यांसारख्या दिसायच्या. नवं चर्च बांधायला घेतलं तेव्हा आर्किटेक्ट म्हणाला, की समोर ग्रोनूटचा डोंगर आहे, धबधबा आहे, खाली खाडीचं पाणी आहे. हे चित्र देवाने स्वतः काढलंय आणि अजून त्यावरून हात फिरवतोय, मग दुसरा चित्रकार कशाला आणायचा? चर्चच्या मंडळाने एक संध्याकाळभर कॉफी पीत विचार केला आणि हो म्हटलं.

अन्फिन ब्रूवोलचा बाप तेवढा नाही म्हणाला. बाहेर बघायचं असेल तर माणसाने बाहेर उभं राहावं, त्यासाठी आत जाऊन कशाला बसायचं, एवढं बोलून तो उठला आणि त्या चर्चमध्ये त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तो वारला तेव्हा अन्फिन आणि स्यूर या त्याच्या दोन मुलांना जमीन, गोठा आणि हा रुसवा असा वारसा मिळाला. दोघांनी तिन्ही गोष्टी नीट सांभाळल्या. लग्न करायचं दोघांच्याही राहून गेलं. स्यूर गेला तेव्हा त्याचा अंत्यविधीसुद्धा अन्फिनने कब्रस्तानातल्या छोट्या खोलीत उरकला. चर्चची पायरी तो चढला नाही.

ब्रूवोलांची जमीन नेमकी चर्च आणि खाडीच्या मधे येते. एका टोकाला लाल रंगाचा गोठा, दुसऱ्या टोकाला खताचा ढीग, आणि मधे सपाट शेत. शेताच्या मधोमध एक बर्चचं झाड. रोज सकाळी धारा काढायच्या, गोठा धुवायचा, न्याहारी करायची आणि मग शेणाची ढकलगाडी या टोकाकडून त्या टोकाला न्यायची, असा अन्फिनचा तरुणपणापासूनचा क्रम. गाईंना रविवार कळत नाही, त्यामुळे रविवारीही तोच. वाटेत बर्चपाशी तो गाडी टेकवायचा, दम खायचा आणि लघवीला उभा राहायचा. तो सभ्य माणूस होता. खाडीकाठच्या रस्त्याने कुणी जात-येत असेल म्हणून तो रस्त्याकडे पाठ करायचा. रस्त्याकडे पाठ केली की तोंड चर्चकडे व्हायचं. पण बाहेरून त्या काचेत आतलं काही दिसत नाही, फक्त समोरचा डोंगर दिसतो. अन्फिनच्या लेखी तिथे दुसरा डोंगर होता आणि डोंगराला कुणी लाजत नाही.

हे सगळं पन्नास वर्षं चाललं. त्याला कुणी काही बोललं नाही. स्कोरवीकमध्ये दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसत नाहीत, फक्त बघतात.

मग इंगविल्ड ही तरुण पाद्रीणबाई शहरातून बदलून आली. प्रवचन देताना तिची पाठ काचेकडे आणि तोंड लोकांकडे असायचं. पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं, की प्रवचनाच्या मध्यावर सगळ्यांच्या माना सावकाश डावीकडून उजवीकडे वळायला लागतात. अर्ध्यावर आल्या की सगळे एकदम खाली मांडीवरच्या पुस्तकात बघतात, थोड्या वेळाने वर बघतात आणि माना पुढे वळत राहतात. ही इथली भक्तीची काहीतरी जुनी रीत असणार, असं तिला वाटलं आणि तिला भरून आलं. सगळे खाली बघायचे तेव्हा तीही बोलायची थांबायची आणि डोळे मिटायची. एका रविवारी ठसका लागला म्हणून ती पाण्याच्या ग्लासकडे वळली, तेव्हा तिला रीत दिसली.

त्याच आठवड्यात ती अन्फिनकडे आली. त्याने कॉफी ठेवली, लोणी-साखर लावून लेफ्साची, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळीची, घडी पुढे केली. तिने तीन कप कॉफी पिईपर्यंत हवेबद्दल बोलून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी अकरा ते बारा तुम्ही शेतात आला नाहीत तर चालेल का?"

"का?"

"वेदीमागच्या काचेतून दिसतं."

"काय दिसतं?"

"तुम्ही."

अन्फिनने कप बशीत ठेवला. "कुठपर्यंत?"

"सगळं शेत," ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "बर्चसकट."

त्याने विचारलं, हे कधीपासून दिसतं. ती म्हणाली, तिला नक्की माहीत नाही, पण काच बसवल्यापासून दिसत असावं. आणखी कॉफी हवी का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली आणि गेली.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पन्नास वर्षांत आपण त्या शेतात काय काय केलं ते त्याला एकेक करून आठवत गेलं. गाईवर चिडून त्याने टोपी फेकली होती. शेणावरून घसरून दोनदा आडवा झाला होता. एकदा रेडिओवर ऐकलेलं काहीतरी डोक्यात घोळत होतं आणि गाडीभोवती त्याने दोन-चार पावलं नाच केला होता. कुणी बघत नाही अशी त्याची खात्री होती. आणि हे सगळं गावाने प्रार्थनेच्या वेळी, देवाच्या चित्रात, चांगले कपडे घालून बघितलं होतं. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारीच काय, रोजच त्याने ती वाट सोडली. गोठ्यामागून एक वाट होती, चढाची आणि दगडांची. वयाच्या पंचाहत्तरीला भरलेली गाडी तिथून ढकलायची म्हणजे खेळ नव्हता. दहा दिवसांत त्याच्या कंबरेने हात टेकले. मग त्याने जनावरं नेणाऱ्याला फोन केला. गाई चार उरल्या होत्या. सोमवारी ट्रक येऊन त्यांना घेऊन जाणार असं ठरलं. फोन ठेवून तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ उगाचच त्यांच्या पाठींना खरारा करत उभा राहिला.

गुरुवारी बोर्गनी आली. बोर्गनी म्हणजे चर्चची देखभाल करणारी. काच पुसणं, घंटा वाजवणं, कॉफी करणं ही तिची कामं. अन्फिन आणि ती शाळेत एका बाकावर बसायची. ती दारातच उभी राहिली, बूट काढले नाहीत.

"गाई देतोयस म्हणे."

"हो."

"का रे?"

"मागची वाट चढाची आहे."

"पुढची सपाट आहे की."

"पुढच्या वाटेला प्रेक्षक आहेत."

बोर्गनीने हाताने चर्चकडे दाखवलं. मग म्हणाली, "चर्च उघडं ठेवलंय. जाऊन बस. काच बघ."

"काच मी रोज बघतो."

"बाहेरून बघतोस. बापाचं ऐकून पन्नास वर्षं बाहेर उभा राहिलास, आता एकदा आत जा. आणि ढकलगाडी कुठे आहे तुझी?"

गाडी कशाला हवी, हे तिने सांगितलं नाही. अन्फिनला वाद घालायची सवय नव्हती. तो गेला. चर्चमध्ये कुणी नव्हतं. साबणाचा वास येत होता. मधल्या बाकावर कडेला तो बसला, टोपी मांडीवर घेतली आणि वर बघितलं.

ऑक्टोबर होता. ग्रोनूटच्या माथ्यावर नवा बर्फ पडला होता, त्याखाली करडा कातळ, त्याखाली पिवळी झालेली बर्चची रानं. अधूनमधून लाल फळांनी लगडलेली रोवनची झाडं. धबधबा बारीक झाला होता. खाडीचं पाणी हिरवं आणि दुधाळ होतं, आणि त्याच्या अलीकडे त्याचंच शेत, गवताच्या दुसऱ्या कापणीनंतर कोवळं फुटलेलं. या सगळ्यात तो आयुष्यभर वावरला होता. रोजचं म्हणून त्याने त्याकडे कधी नीट मान वर करून बघितलं नव्हतं, बघितलं ते पाऊस येतोय का एवढंच. आता चारी बाजूंनी चौकट आल्यावर कुठलाही रंग चुकीच्या जागी नाही हे त्याला दिसलं. आर्किटेक्टचं बरोबर होतं आणि बापाचं चूक. या वयात हे कळणं गैरसोयीचं होतं.

तरी काहीतरी कमी होतं. सगळं इतकं मोठं होतं, की किती मोठं आहे ते कळत नव्हतं. डोंगर जवळ आहे की लांब, शेत केवढं, काही अंदाज येईना.

तेवढ्यात डावीकडून, लाल गोठ्याच्या आडून, बोर्गनी ढकलगाडी घेऊन निघाली.

ती नखाएवढी दिसत होती. ती चालायला लागली आणि तिच्या मागे डोंगर एकदम डोंगराएवढा झाला. धबधबा उंच झाला, खाडी खोल झाली. चाक डावीकडे कलत होतं, तिला ती गाडी ढकलता येत नव्हती हे उघड होतं. पण अन्फिनची मान तिच्याबरोबर वळत गेली आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. बर्चपाशी ती थांबली. गाडी टेकवली, रस्त्याकडे पाठ केली, चर्चकडे तोंड केलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तो जितका वेळ थांबायचा, बरोबर तितका वेळ. तिला तो वेळ पाठ होता.

अन्फिनने खाली बघितलं.

खाली बघता बघता त्याला स्यूर गेल्यानंतरचा रविवार आठवला. त्या दिवशी बर्चपाशी त्याने गाडी पालथी घातली होती, तिच्यावर बसला होता आणि हातांत तोंड धरून रडला होता, बराच वेळ. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दारात मटणाच्या सुपाचं भांडं होतं. दुसऱ्या दिवशी पाव होता, तिसऱ्या दिवशी कुणीतरी सरपणाची लाकडं फोडून रचून ठेवली होती. महिनाभर तसंच चाललं. कुणी दार वाजवलं नाही. या लोकांना कसं कळलं, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं आणि पुढे तो विसरून गेला होता.

त्याने टोपीने डोळे पुसले. टोपीला गाईंचा वास होता.

बोर्गनी धापा टाकत आत आली. त्याच्या मागच्या बाकावर बसली.

"कसं दिसलं?"

"चाक कलतंय."

"ते मला माहितीये. दुसरं?"

अन्फिन काचेकडे बघत राहिला. "ठीक आहे," तो म्हणाला. स्कोरवीकमध्ये याहून जास्त कौतुक करत नाहीत. नवरीलासुद्धा नाही.

मग त्याने मान न वळवता विचारलं, "बर्चपाशी...?"

"तेव्हा आम्ही खाली बघतो. सगळे. पहिल्या रविवारपासून. कुणी ठरवलं नव्हतं." तिने कपाळावरचा घाम पुसला. "तू नाहीस तर ते नुसतं कॅलेंडर दिसतं, अन्फिन. गेल्या रविवारी दोघं घोरत होते. पाद्रीणबाईंनी स्वतः मागे वळून बघितलं, मधेच. म्हणाल्या, त्यांचं चुकलं असावं. तुझ्याकडे येऊन सांगायला लाजतात."

अन्फिन उठला, टोपी घातली आणि गेला. सोमवारचा ट्रक रद्द केला का, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

रविवारी त्याने धारा काढल्या, गोठा धुतला, न्याहारी केली. मग दाढी केली आणि स्यूरच्या अंत्यविधीचा काळा सूट काढला. कोट पोटावर लागत नव्हता, तो उघडाच ठेवला. जी सोय बर्चपाशी करायची ती आधीच गोठ्यामागे उरकून घेतली. गाईंनी त्याला त्या कपड्यांत बघून रवंथ थांबवलं. त्याने गाडी भरली, चाकाला तेल दिलं आणि नेहमीच्या वेळी लाल गोठ्याच्या आडून बाहेर पडला.

त्याने चर्चकडे बघितलं नाही. सूटमध्ये गाडी ढकलणं अवघड होतं. बर्चपाशी आल्यावर त्याला थांबायचं काही कारण नव्हतं. पण आत सगळे आता खाली बघत असतील आणि त्यांनी वर बघायच्या आधी आपण पुढे निघून गेलो तर त्यांची गैरसोय होईल, असं त्याच्या मनात आलं. म्हणून तो थांबला. रस्त्याकडे पाठ केली. समोरच्या काचेत डोंगर होता, पिवळी रानं होती, आणि त्यांच्या तळाशी काळ्या सुटातला एक म्हातारा ढकलगाडीपाशी उभा होता. अन्फिनने टोपी काढून छातीशी धरली आणि वाट बघितली, सगळे वर बघेपर्यंत.

चर्चच्या घंटेचा एक ठोका पडला. प्रवचन चालू असताना तिथे घंटा वाजत नाही, कधीच वाजली नव्हती. नंतर कॉफीच्या वेळी बोर्गनी म्हणाली, की दोर हातातून निसटला. तिला त्यावर कुणी काही विचारलं नाही.

अन्फिनने टोपी घातली आणि शेण रिकामं करायला पुढे गेला. उद्या ट्रक पाठवू नका असा फोन करायचा राहिला होता, पण तो जेवण झाल्यावर केला तरी चालणार होता.