चोवीसने भागलेला आराखडा

हॉस्पिटलात त्यांना सगळे कॉम्प्युटरकाका म्हणत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की काकांना हाक जायची आणि काका 'मी आहे म्हणून चाललंय इथलं' असा चेहरा करून हजर व्हायचे. बावीस वर्षांच्या नोकरीत ते एवढं नक्की शिकले होते की नुसती सुटलेली वायर खोचायची असली तरी कपाळावर आठ्या हव्यात.

त्यामुळे रुग्णांच्या नोंदी कागदावरून कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं आणि सर्व्हर किती नि केवढे घ्यायचे याचा आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हा काकांचे पाय महिनाभर जमिनीला लागले नाहीत. सर्व्हरच्या गार खोलीत बसून त्यांनी चाळीस पानं लिहिली. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा, वीज गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर जनरेटर. दिवसाला बारा हजार नोंदी, भागिले चोवीस, म्हणजे तासाला पाचशे. वर दुप्पट धरलं, कारण दूरदृष्टी म्हणजे काय ते लोकांना कळायला हवं!

अधीक्षक मॅडमची सही व्हायची होती, त्याच्या आदल्या दुपारी काका वॉर्डात वडिलांपाशी बसले होते. आठवड्यापूर्वी वडील न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. ते डुलक्या घेत होते आणि काका स्वतःचाच आराखडा कौतुकाने चौथ्यांदा वाचत होते.

पावणेदोनला वॉर्डात एकदम धांदल उडाली. नर्सच्या एप्रनवर चिकटपट्टीचे तुकडे होते आणि त्यांवर पेनाने काहीबाही लिहिलं होतं. ती ते एकेक उपटून फाइलींत उतरवू लागली. शेजारच्या दोघी नर्सेसही तेच करत होत्या.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"सकाळपासून दिलेली औषधं. हातात सुई असताना फाइल कुठे धरू? ड्युटीची पाळी संपताना लिहितो आम्ही सगळ्या. हे तुमच्या बाबांचं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन. दुपारचीने वाचलं नाही, तर ती परत देईल."

"सगळ्या वॉर्डांत असंच?"

"मग काय! काका, इतकी वर्षं इथे आहात ना?"

काकांनी आराखड्यातलं हिशेबाचं पान उघडलं. तिन्ही पाळ्यांच्या शेवटच्या अर्ध्या तासात चार-चार हजार नोंदी, आणि त्यांच्या सर्व्हरांना तेवढ्या वेळात, दुप्पट धरूनही, झेपणार होत्या पाचशे. म्हणजे कॉम्प्युटर अडकून बसणार, दुपारची नर्स वाट बघणार, आणि शेवटी बाबांना दुसरी सुई टोचणार. बाबांना, किंवा ज्याला 'मला दिलंय' हे सांगताही येत नाही अशा कुणाला. पहाटे तीन वाजताही नर्सेस दर मिनिटाला आठ नोंदी करत बसतात, असं मानणारा शहाणा या हॉस्पिटलात एकच होता आणि तो बाबांच्या उशाशी बसला होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं. गप्प बसावं, नंतर 'लोड वाढला' म्हणून सांगावं, असा मोह त्यांना झाला हे खरं आहे.

"मॅडम, सही करू नका. हिशेब साफ चुकलाय. माझाच."

"महिनाभर तुम्ही होता कुठे?"

"सर्व्हरच्या खोलीत. तिथे एसी आहे."

सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "पंधरा दिवस देते. वॉर्डात बसून पुन्हा करा," एवढंच म्हणाल्या.

काका मान खाली घालून बाबांकडे आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अरे, मी इथे अख्ख्या वॉर्डाला सांगून बसलोय, माझ्या मुलाचा आराखडा आज पास होणार म्हणून," बाबा म्हणाले.

"मग आता सांगा, नापास झाला."

बाबा शेजारच्या खाटेकडे वळून, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत का? नापास झाला. आणि नापास केला तोही माझ्या मुलानेच."