दोन पंप

गाडीच्या काचेवर बोटाची दोनदा टकटक झाली की समजायचं, झीरोताई आली. "झीरो बघा," ती म्हणायची, आणि गिऱ्हाइकाने मशीनवरचा शून्य डोळ्यांनी बघितल्याशिवाय नळी टाकीत घालायची नाही. समोरचा मोबाइलमध्ये गुंतलेला असला तर ती नुसती उभी राहायची. मागे भोंगे वाजोत, मालक काचेआडून हातवारे करो. बघा म्हटलं की बघायचं. पंपावरच्या त्या एका डिझेलच्या मशीनपाशी तिची ऐन उमेद गेली होती. मऊ बोलणं तिला कधी जमलं नाही. रोज सकाळी ती जमिनीखालच्या टाकीत एक लांब दांडी सोडायची. दांडीच्या टोकाला लावलेल्या मलमाचा रंग बदलला तर समजायचं, तळाशी पाणी आहे. तिच्या पाळीत तो रंग कधी बदलला नव्हता. ही गोष्ट ती क्वचितच सांगायची, आणि सांगताना थोडी लाजायची, जशी एखादी बाई आपल्या केसांबद्दल बोलताना लाजते.

घरात मात्र ती वहिनी. नवरा परगावी क्रेन चालवायचा. घरी सासू आणि धाकटा दीर. दिराने नवाकोरा डिझेल पिकअप घेतला होता. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या आणि मासळीबाजारात उतरवायच्या, हा त्याचा धंदा. डिझेल पहिल्यापासून वहिनीकडेच. दिरालाही ती "झीरो बघा" म्हणायची आणि तो दर वेळी चिडायचा. "घरच्यालाही?"

"घरच्याला आधी," ती म्हणायची.

एका दुपारी उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने उचकी दिली, पुन्हा एक दिली, आणि गप्प झाली. ती ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेईपर्यंत हौद्यातल्या लाद्यांचे खडे झाले होते आणि मागे रस्ताभर ओली रेघ उमटली होती. संध्याकाळी सर्व्हिसवाल्याचा फोन आला. "साहेब, पंपानं घात केला तुमचा. पंपातूनच सगळी घाण आत गेलीये. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळं बदलावं लागेल."

आता डिझेल जिथे भरतात त्या जागेलाही आपण पंप म्हणतो, आणि इंजिनाला दाबाने डिझेल पोचवणारं ते दोन मुठींएवढं यंत्र, तेही पंपच. दिराला एकच पंप माहीत होता. त्यावर त्याची वहिनी उभी असायची.

"वाटलंच मला!" तो फोनवर ओरडला. "डिझेलच खराब असणार!"

"बरं," सर्व्हिसवाला म्हणाला.

फोन ठेवून दीर तडक पंपावर गेला. रांग लांब होती आणि त्याला ती लांब असल्याचं बरंच वाटलं.

"पाणी विकता काय हो इथे? माझी नवी गाडी मारली ह्यांनी! भरा, भरा, तुमच्याही गाड्या उद्या पुलावर झोपतील!"

"भाऊजी, हळू बोला."

"का हळू? झीरो बघा म्हणे! शून्य दाखवायचं आणि खाली घाण सोडायची!"

रांगेतले दोघे गाड्या वळवून निघून गेले. मालक बाहेर आला. दिराला समजावायचं सोडून त्याने तिलाच बाजूला घेतलं. "काही दिवस घरी बस. खरंखोटं झालं की बघू, ठेवायचं की नाही."

"आणि सकाळी दांडी कोण सोडणार?"

"सोडेल कोणीतरी."

ते 'कोणीतरी' तिला दिराच्या सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

घरी सासूने ताट वाढलं ते जरा आपटूनच. "पोराच्या पोटावर पाय आला. तुझ्या हाताचा वास साबणाने जात नाही, आणि म्हणे डिझेल चांगलं."

"चांगलं आहे म्हणूनच जात नाही, आई."

"ऐकलंस? ऐकलंस हिचं तोंड?" सासू दिराला म्हणाली. दिराने भिंतीकडे तोंड करून जेवण उरकलं. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मी इथे वर आहे." तो नेहमीच वर असायचा.

दुसऱ्या दिवशी दीर सर्व्हिस सेंटरला निघाला, तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती.

"तुमचं काय काम तिथे?"

"गाडी मी मारली ना? मग प्रेत तरी बघू दे."

सर्व्हिस सेंटरची फरशी इतकी स्वच्छ होती की तिथे गाड्या दुरुस्त होत असतील असं वाटू नये. इस्त्रीच्या शर्टातल्या सर्व्हिसवाल्याने एका ट्रेमध्ये उघडलेलं यंत्र आणून ठेवलं. आतला गुळगुळीत असायला हवा तो भाग किसणीसारखा ओरखडला होता. वाटीभर डिझेलमध्ये बारीक चुरा चमकत होता, देखणा, चमकी सांडल्यासारखा.

"हा तुमचा पंप," तो म्हणाला. "आतल्या आत घासला गेला आणि त्याचा चुरा पुढे सगळीकडे गेला."

दीर ट्रेकडे बघत राहिला. "हा पंप?"

"मग कुठला?"

त्याने वहिनीकडे बघितलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

"ठीक आहे," दीर घसा साफ करत म्हणाला. "तुमचाच पंप खराब निघाला. वॉरंटीत बदलून द्या."

"नाही देता येणार. ह्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. डिझेल खराब, तर पंप खराब. त्याला वॉरंटी नाही."

"डिझेल उत्तम होतं!"

"काल तुम्हीच म्हणालात ना, डिझेलच खराब असणार? मी नोंदवून घेतलंय."

शेजारच्या बाकावर बसलेला एक पिकअपवाला खदखदून हसला. "माझाही हाच पंप गेला, दोस्ता. मलाही डिझेलच सांगितलं. मी तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भरतो." त्याने काचेपलीकडे बोट दाखवलं. त्याच बनावटीच्या तीन गाड्या बॉनेट उघडून ओळीने उभ्या होत्या, जांभई दिल्यासारख्या.

"तो योगायोग आहे," सर्व्हिसवाला म्हणाला. "डिझेल चांगलं होतं तर पुरावा आणा."

बाहेर आल्यावर दीर भिंतीला टेकला. पंपावर आलेल्या प्रत्येक टँकरमधल्या डिझेलची एक बाटली नमुना म्हणून मोहोरबंद होऊन मालकाच्या कपाटात जाते, हे त्याला माहीत होतं. वहिनीनेच कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा त्याने जांभई दिली होती.

"वहिनी, ती बाटली..."

"आहे."

"मिळेल?"

"मिळेल. मालकालाही आपलं नाव जपायचंय. पण ज्या रांगेपुढे बोललात त्याच रांगेपुढे आधी बोला."

"सगळ्यांसमोर?"

"तेव्हा कोण होतं समोर? भिंत?"

"माज आलाय तुम्हाला."

"आलाय. येताय का?"

तो आला. रांग तशीच लांब होती. नवा माणूस कोणालाही शून्य न दाखवता भराभर नळ्या घालत होता. दीर मशीनपाशी उभा राहून मान खाली घालून पुटपुटला, "डिझेल चांगलं होतं. मी चुकीचं बोललो."

"काल आवाज बरा होता तुमचा, भाऊजी. मागच्या टेम्पोला ऐकू गेलं नाही."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की घरी ताट यापुढेही आपटलं जाणार, हे तिला तिथेच कळलं. मग तो ओरडला. शब्दन् शब्द, शेवटच्या टेम्पोपर्यंत पोचेल असा. कोणीतरी टाळीही वाजवली. मालकाने काचेआडून डोकं काढलं, क्षणभर विचार केला आणि तिची कामावरची टोपी खिडकीतून बाहेर धरली.

तिने ती डोक्यावर नीट बसवली. नव्या माणसाच्या हातून नळी घेतली.

"बाटली?" दीर दातओठ खात म्हणाला.

"गिऱ्हाईक आहे. थांबा," ती म्हणाली, आणि टेम्पोच्या काचेवर दोनदा टकटक केली. "झीरो बघा."