हैबतरावांचा चपटा टीव्ही

मारुंजीतल्या त्या आळीत पहिला चपटा टीव्ही आला तो हैबतरावांच्या घरी. जमिनीचा सौदा झाला, रानाभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि हैबतराव पुण्याला जाऊन टीव्ही घेऊन आले. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागतील म्हणून आळी जमली होती, तर त्यांच्या मुलानं, दत्तानं, एकट्यानंच तो फळीसारखा काखेत मारून आत नेला.

"ह्यात माणसं मावत्यात व्हय रं?" शेजारच्या भिकूनं विचारलं आणि सगळी हसली.

हैबतरावांची बायको रंभाबाई तेवढी हसली नाही. आधीचा डबा टीव्ही दत्ता शाळेत जात होता तेव्हापासूनचा. चित्र गेलं की वरून एक थापट मारायची, पुन्हा चालू. ह्याला थापट मारायची कुठं, हेच तिला कळेना.

दोन वर्षांनी हैबतराव न्हाणीत पडले ते उजवी बाजू आणि वाचा गमावूनच उठले. दत्तानं त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही लावून दिला. "आबांना तेवढाच इरंगुळा," सून राणी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, आणि तेव्हा ते खरंही होतं. हैबतराव कुस्त्या बघायचे, कीर्तन बघायचे, कुणी परकी बाई केक भाजत असली तर तेही बघायचे. आवडलं की डाव्या हाताची बोटं गोधडीवर टकटक वाजायची. रंभाबाई त्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, पेज भरवायची आणि मग खाटेच्या कडेला टेकायची. हिंडते-फिरते असताना ह्या माणसानं बायकोला कधी शेजारी बसवून घेतलं नव्हतं. आता ती बसत होती आणि बोटं वाजली की तिलाही बरं वाटत होतं.

खंडेनवमीला ह्या घरात हत्यारं पुजायची. पूर्वी ओटीवर नांगर, कुळव, पाभर, विळे, कुदळी अशी रांग लागायची. रान गेलं, पाठोपाठ हत्यारंही गेली. मग दत्ताची मोटरसायकल, पाण्याची मोटर, फ्रीज आणि टीव्ही, एवढीच पुजण्यासारखी राहिली. २००९ सालच्या नवमीला रंभाबाईनं नेहमीसारखी काचेला पाच बोटं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल तांब्यात बुडवून वरून शिंपडलं. त्या वर्षी नवऱ्याचा खोकला हटत नव्हता. म्हणून पूजेत काही कमी नको, असं समजून तिनं हात जरा सैलच सोडला. ओघळ काचेवरून उतरला आणि खालच्या पट्टीत शिरला.

दोन दिवसांत चित्राच्या तळाला काळी कड आली.

हिंजवडीहून पियूष नावाचा मेकॅनिक आला. त्यानं टीव्ही उतरवून पालथा घातला, मागचं झाकण काढलं आणि बोटाला लागलेला लाल चिखल दाखवत हसला.

"पूजा केली ना मावशी? दसरा झाला की मला आठवडाभर हेच काम. लोक टीव्हीला अंघोळ घालतात."

"मग काय कोरडाच पुजायचा?" रंभाबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"दुरुस्त होतोय का?" दत्तानं विचारलं.

"आतला पडदाच खराब झालाय. तो बदलण्यापेक्षा नवीन घ्या. हे तुमच्या जुन्या डब्यासारखे जन्मभर पुरत नाहीत, भाऊ."

दत्ता त्याला दारात घेऊन गेला. आवाज बारीक करून त्यानं विचारलं, पण खोली ती केवढी! "असाच ठेवला तर किती चालंल?"

"हा काळा भाग वर वर चढत जाणार. सहा महिने, फार तर वर्ष."

"मग बास," दत्ता म्हणाला.

मेकॅनिकला त्यात काही वावगं वाटलं नाही. राणीनं मात्र झटकन सासूकडं बघितलं आणि मान वळवली. रंभाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्यांवर होते. ऐकू तर सगळं येत होतं त्यांना.

काळोख खालून चढत गेला. आधी पैलवानांचे पाय गेले, मग कंबर. बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी गेली, होळीपर्यंत नाक गेलं. बोटं वाजायची हळूहळू थांबली. उन्हाळ्यात पडदा सगळाच काळा झाला. आवाज येत होता, म्हणून रंभाबाई तो लावून ठेवायची.

त्याच सुमारास हॉलमध्ये नवा टीव्ही आला, पहिल्याच्या दुप्पट.

"त्यास्नी हितं आना की," रंभाबाई म्हणाली. "खाट बसती त्या भिताडाला."

"आत्या, हितं भाडेकरू येत्यात, पावणं येत्यात," राणी म्हणाली. "वास येतो वो. मी काय वाईट म्हनून बोलत न्हाई."

"आये, डॉक्टर काय म्हनलं ते ऐकलंस ना?" दत्ता म्हणाला. "कशाला त्यांची वढाताण करायची आता?"

डॉक्टर म्हणाले होते, पावसाळा निघणार नाही. पावसाळा निघाला.

दसऱ्याच्या दिवशी राणी हॉल सजवत होती. "आत्या, काल नवमीला लावलं न्हाई तसं आजबी नव्या टीव्हीला पानी लावू नका हां," ती म्हणाली, आणि फराळाचं बघायला स्वयंपाकघरात गेली. दत्ता गावदेवीला गेला होता. रंभाबाईनं वरच्या मजल्यावरच्या दोन भाडेकरू पोरांना हाक मारली, नवऱ्याला धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि खाट त्यांच्याकडून उचलवून हॉलमध्ये, नव्या टीव्हीसमोर आणून ठेवली.

राणी पदराला हात पुसत बाहेर आली ती तशीच उभी राहिली. तोवर दारात माणसं आली होती. आपट्याची पानं घेऊन आलेला माणूस आधी घरातल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडतो. तो खाटेवर असला म्हणून काय झालं? भिकू वाकला, भावकी वाकली. हैबतरावांच्या छातीवर पानांचा ढीग झाला. दत्ता आला आणि चारचौघांसमोर त्यालाही वाकावंच लागलं.

"टीव्ही कवाच गेला, दत्ता," रंभाबाई हळूच म्हणाली. "तुजा बा हाय अजून."

दत्ता खाटेखाली सांडलेली पानं गोळा करू लागला.

पाहुणे गेले. टीव्हीवर मॅच लागली होती. हिरवा, निळा उजेड हैबतरावांच्या तोंडावर हलत होता. रंभाबाई खाटेच्या कडेला टेकली आणि बोटं वाजायची वाट बघू लागली. वाजली नाहीत. चेंडू इकडून तिकडं गेला, तशी बुबुळं हलली नाहीत. तिनं डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणीही लवली नाही. श्वास चालला होता, संथ. ते डोळे कधी विझले असतील? काळ्या पडद्याकडं बघताना? तिथं तर कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

"आये," दत्ता मागं येऊन उभा राहिला. "न्यायची का खाट आत?"

रंभाबाईनं नवऱ्याचा डावा हात हातात घेतला. बोटं गार होती. तिनं स्वतःच्या बोटांनी ती गोधडीवर वाजवली. टक, टक.

"असू दे हितंच," ती म्हणाली. "बगत्यात ते. लई आवडीनं बगत्यात."