भाऊजींच्या मशीनमधलं हिरवं पाणी

मंडळी, आज दुपारी जवाहरनगरला ताईकडे जाऊन आले. डोकं अजून तापलेलं आहे.

भाऊजींचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून ते नाकावर मास्क लावून मशीनवर झोपतात. पंधरा दिवसांपासून त्यांचा खोकला जात नाही. म्हणाले, "मशीनच भंगार आहे. डॉक्टरनं फसवलं मले."

मी मशीनमधली पाण्याची डबी उघडली. तळाशी हिरवा, बुळबुळीत थर! मास्क तेलकट, फिल्टर काळाकुट्ट.

"भाऊजी, हे कधी धुतलं होतं?"

"तुयी ताई धुवत होती. तिचा हात मोडला, त्याले मी काय करू?"

ताईचा हात महिनाभरापासून प्लास्टरमध्ये आहे.

ऐंशीच्या दशकात हाच माणूस सरकारी क्वार्टरसमोर रोज तासभर स्वतःची स्कूटर पुसायचा. ताई तापानं फणफणली तरी चहा मात्र तिनंच करायचा.

मी मास्क, नळी, डबी कोमट साबणपाण्यानं धुतली. भाऊजी पेपर वाचत म्हणाले, "बरं केलं. आता रोज येत जा."

ओली नळी त्यांच्या पेपरवर ठेवली आणि निघून आले.

स्वतःचा श्वासही बायकोनं घासून द्यावा, असं वाटणारा माणूस तुमच्या घरी आहे का हो?